सोप्या नियमाची अवघड संतती

फेब्रुवारी २०२३ मध्ये जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने पाचशे किलोंहून अधिक कांदा सोलापूरच्या बाजारात आणला. हमाली, तोलाई आणि गाडीभाडे वजा जाता त्याच्या हाती दोन रुपयांचा धनादेश पडला, आणि ही बातमी देशभर गाजली. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात चित्र पालटले. भाव चढू लागताच केंद्र सरकारने ऑगस्टमध्ये कांद्यावर चाळीस टक्के निर्यातशुल्क बसविले, ऑक्टोबरअखेर किमान निर्यातमूल्य ठरविले आणि ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद केली. ही बंदी उठली ती मे २०२४ मध्ये. एकाच पिकाने वर्षाच्या आत आधी उत्पादकाच्या आणि मग ग्राहकाच्या डोळ्यांत पाणी आणले. अशा वेळी दोष कोणाचा, याची चर्चा ठरलेल्या वाटेने जाते. कोणी पावसाला बोल लावतो, कोणी व्यापाऱ्याला, कोणी सरकारला. या तिन्हींत काही ना काही तथ्य असतेच. परंतु आणखी एक कारण असे आहे की, त्यासाठी कोणाचा दुष्टावा किंवा दुर्दैव गृहीत धरावे लागत नाही. ते व्यवहाराच्या नियमातच दडलेले आहे.

हा नियम अगदी साधा आहे. गेल्या हंगामात भाव चांगला मिळाला, तर शेतकरी यंदा लागवड वाढवितो. लागवड वाढली की आवक वाढते आणि भाव कोसळतो. भाव कोसळला की पुढच्या हंगामात लागवड आटते आणि भाव पुन्हा वर जातो. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत याला कोळ्याच्या जाळ्याचा सिद्धान्त म्हणतात. भाव आणि आवक यांची वाटचाल कागदावर काढली असता रेघ जाळ्यासारखी फिरत जाते, म्हणून निकोलस काल्डॉर यांनी १९३४ मध्ये हे नाव दिले. या नियमाचे मर्म एवढेच की, एका फेरीचे उत्तर हेच पुढच्या फेरीचे भांडवल होते. आलेले उत्तर पुन्हा त्याच नियमात घालावयाचे, पुन्हा उत्तर काढावयाचे, आणि हे करीत राहावयाचे. या क्रियेला गणितात पुनरावर्तन म्हणतात. बँकेतील चक्रवाढ व्याज हे त्याचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण. या साध्या क्रियेच्या पोटी काय काय दडलेले आहे, हे गणिताला गेल्या शतकात उमगले. ते बाजार समितीपासून मंत्रालयापर्यंत सर्वांनी समजून घेण्याजोगे आहे.

पुनरावर्तनाचा एक सुंदर नमुना महाराष्ट्रातच सापडला. देवळालीच्या शाळेत १९३० पासून १९६२ पर्यंत शिक्षकी करणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी चार अंकी संख्यांशी एक खेळ मांडला. चारही अंक एकच नाहीत अशी कोणतीही संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहून होणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करावी, आणि आलेल्या उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करावी. उदाहरणार्थ, ३५२४ ही संख्या घेतली तर ५४३२ मधून २३४५ वजा जाता ३०८७ येतात. पुढे ८७३० मधून ०३७८ वजा जाता ८३५२, आणि त्यापुढे ८५३२ मधून २३५८ वजा जाता ६१७४. आता ७६४१ मधून १४६७ वजा केले तर पुन्हा ६१७४ च येतात, आणि येथून सुटका नाही. कोठूनही निघाले तरी अधिकात अधिक सात पावलांत याच मुक्कामावर यावे लागते. कापरेकरांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत हे मांडले. पदव्युत्तर पदवी नसलेल्या या शाळामास्तरांच्या कामाकडे आपल्याकडील अनेक विद्वानांनी करमणूक म्हणूनच पाहिले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा देवळालीचे नाव जगभर गेले. आपल्या माणसाची ओळख परक्याकडून करून घेण्याची ही परंपरा काही नवी नव्हे.

कापरेकरांच्या नियमात वाटा अनेक असल्या तरी मुक्काम एकच आहे. सर्वच नियम इतके सालस असते तर नियोजनकर्त्यांचे काम फार सोपे झाले असते. याहूनही साधा दिसणारा दुसरा एक नियम पाहावा: हातातील संख्येचा वर्ग करावा, त्यात एक ठरीव संख्या मिळवावी, आणि आलेल्या उत्तराचे पुन्हा तेच करावे. सुरुवात नेहमी शून्यापासून. मिळवावयाच्या ठरीव संख्येला स्थिरांक म्हणू. स्थिरांक १ असेल तर क्रमाने १, २, ५, २६, ६७७ अशी संख्या उधळत जाते. स्थिरांक पाव असेल तर संख्या हळूहळू अर्ध्याकडे सरकत राहते, तो ओलांडत नाही. स्थिरांक उणे अर्धा घेतला तर थोड्या हेलकाव्यांनंतर संख्या एका जागी स्थिरावते. उणे १ घेतला तर ती शून्य आणि उणे १ या दोन घरांत घड्याळाच्या लंबकासारखी ये-जा करते. उणे १.३ घेतला तर दोनाऐवजी चार घरांची फेरी सुरू होते. आणि उणे १.९ घेतला तर मेळच लागत नाही. संख्या उणे १.९ आणि १.७१ यांच्या दरम्यान कोंडलेली राहते, बाहेर पडत नाही, पण तिच्या येरझाऱ्यांत कोणताही क्रम दिसत नाही. सुरुवातीच्या संख्येत हजारांशाचा फरक केला, तर तीस-चाळीस पावलांनंतर दोन याद्यांत साम्य म्हणून उरत नाही. आणि हे सारे घडते ते नियमात यत्किंचितही बदल न होता. येथे पाऊस नाही, दलाल नाही, मंत्रीही नाही.

अकरावीच्या वर्गात संमिश्र संख्या शिकविल्या जातात. उणे एकाचे वर्गमूळ ही कल्पना मान्य केली की संख्या एका रेषेवर मावेनाशा होतात, त्यांना पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण असे दोन अक्ष असलेले पूर्ण पटांगण लागते. प्रत्येक संमिश्र संख्या म्हणजे या पटांगणातील एक बिंदू. आता वरील नियमातील स्थिरांक म्हणून पटांगणातील एकेक बिंदू घ्यावा आणि शून्यापासून निघालेली संख्या उधळते की आटोक्यात राहते, ते पाहावे. आरंभबिंदूपासून तिचे अंतर दोनापेक्षा जास्त झाले की ती कधीच परतत नाही, हे सिद्ध झालेले आहे. त्यामुळे पारख सोपी होते. उणे एकाचे वर्गमूळ हाच स्थिरांक घेतला, तर तीन पावलांत संख्या दोन घरांच्या फेरीत अडकते आणि आटोक्यात राहते. त्याच स्थिरांकाची १.१ पट केली, तर चौथ्याच पावलाला ती दोनाची मर्यादा ओलांडून जाते. जे बिंदू आटोक्यात राहतात, त्यांना काळा रंग द्यावा. मग पटांगणावर जो नकाशा उमटतो, त्याला आज मँडेलब्रो संच या नावाने ओळखतात.

या नकाशाची कुळकथा पॅरिसमध्ये सुरू होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात पिएर फातू आणि गास्तों जूलिया या दोन फ्रेंच गणितज्ञांनी अशा पुनरावर्तनांचा पाया घातला. जूलिया १९१५ मध्ये रणांगणावर जायबंदी झाले, त्यांचे नाक गेले, आणि १९१८ मध्ये त्यांचा मोठा प्रबंध प्रसिद्ध झाला. परंतु ज्या आकृत्यांविषयी ते लिहीत होते, त्या डोळ्यांनी पाहण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. लक्षावधी गुणाकार हाताने कोण करणार? पुढे जवळजवळ साठ वर्षे हा विषय अडगळीत पडला. १९७८ मध्ये रॉबर्ट ब्रुक्स आणि पीटर मॅटेल्स्की यांनी संगणकाच्या छपाईयंत्रावर चांदण्यांच्या खुणांनी या संचाचे पहिले ओबडधोबड चित्र काढले. १९८० मध्ये आयबीएम कंपनीच्या संशोधन केंद्रात बेन्वा मँडेलब्रो यांनी तो अधिक बारकाईने रेखाटला. अशा खंडित, खडबडीत आकारांना ‘फ्रॅक्टल’ हे नाव त्यांनीच १९७५ मध्ये दिले होते.

चित्रात मध्यभागी बदामासारखा एक आकार दिसतो, त्याच्या पश्चिमेला चिकटलेले वर्तुळ, दोघांच्या काठांवर फुटलेले असंख्य कोंब आणि त्या कोंबांतून निघालेले विजेच्या रेषांसारखे तंतू. कोणताही काठ मोठा करून पाहावा, तर आत पुन्हा कोंब आणि तंतू, आणि त्या तंतूंवर मूळ बदामाच्या किंचित बदललेल्या चिमुकल्या प्रती. हा तपशील कोठेच संपत नाही. सोलापुरी चादरीवरच्या नक्षीत विणकराने आखून जॅकार्डच्या छिद्रांतून घातले असेल तेवढेच उमटते. येथे मात्र नियमात दोनच क्रिया घातल्या आणि बाहेर पडणारी नक्षी अनंत आहे. आद्रियँ दुआदी आणि जॉन हबर्ड यांनी १९८२ मध्ये सिद्ध केले की, हे सारे तुकडे वेगळे दिसले तरी संच अखंड आहे. जपानचे मित्सुहिरो शिशिकुरा यांनी १९९१ मध्ये दाखविले की, या संचाची सीमा इतकी गुंतागुंतीची आहे की तिची मिती एखाद्या पृष्ठभागाइतकीच, म्हणजे दोन भरते.

सीमेजवळ काय घडते, हे खिशातल्या गणकयंत्रावरही पाहता येते. स्थिरांक पाव असताना संख्या आटोक्यात राहते, हे वर आलेच आहे. पावापेक्षा शतांशाने जास्त, म्हणजे ०.२६ घेतला, तर ती दोनाची मर्यादा ओलांडायला सुमारे ३० पावले घेते. ०.२५०१ घेतला तर ३१२, आणि ०.२५०००१ घेतला तर ३,१४०. वर्तुळाच्या परिघाचे व्यासाशी असलेले गुणोत्तर, म्हणजे ‘पाय’ ही संख्या, येथे वर्तुळाचा मागमूसही नसताना अवतरते. १९९१ मध्ये डेव्हिड बोल या अमेरिकन विद्यार्थ्याच्या हे प्रथम ध्यानात आले आणि २००१ मध्ये त्याची सिद्धता मिळाली. यातील चमत्कार बाजूला ठेवला तरी एक व्यावहारिक बोध उरतो. तीन हजार पावले जे स्थिर वाटत होते, तेही उधळणारच होते. बराच काळ काही बिघडले नाही, एवढ्यावरून व्यवस्था सुरक्षित आहे असा निष्कर्ष काढता येत नाही.

मँडेलब्रो या विषयाकडे वळले, त्या वाटेवर कापूस होता, हे गिरण्यांवर वाढलेल्या सोलापूरला मुद्दाम सांगण्यासारखे आहे. १९६३ मध्ये त्यांनी कापसाच्या किमतींवर एक निबंध लिहिला. किमतींतील चढउतार सरासरीभोवती घंटेच्या आकारात विखुरलेले असतात, असे त्या काळचे अर्थशास्त्र मानीत असे. अनेक दशकांचे आकडे तपासून मँडेलब्रो यांनी दाखविले की, मोठे धक्के या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त वेळा बसतात आणि रोजच्या चढउतारांचा घाट महिन्याच्या चढउतारांच्या घाटासारखाच असतो. लहानात मोठ्याचे रूप पाहण्याची ही दृष्टी त्यांनी पुढे संमिश्र संख्यांच्या नकाशापर्यंत नेली. सरासरीवर विसंबून गिरणी चालविणाऱ्याला किंवा उधारीवर सूत उचलणाऱ्या यंत्रमागधारकाला या निष्कर्षाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

१९७६ मध्ये रॉबर्ट मे यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात कीटकांच्या संख्येविषयी एक लेख लिहिला. एका वर्षीचे कीटक पुढच्या वर्षीची संख्या ठरवितात, फार झाले की अन्न अपुरे पडून संख्या घटते. हे सांगणारे त्यांचे सूत्र म्हणजे वेष पालटलेला ‘वर्ग करा आणि मिळवा’ हाच नियम होय. मँडेलब्रो संचाच्या नकाशात पावापासून उणे दोनापर्यंत जी आडवी रेघ आहे, तिच्यावर मे यांची सारी उदाहरणे ओळीने सापडतात: आधी स्थैर्य, मग दोन घरांची फेरी, मग चार, आठ, आणि शेवटी बेबंदपणा. अशी प्राथमिक उदाहरणे विद्यार्थ्यांना लवकर दाखवावीत, असा आग्रह मे यांनी त्याच लेखात धरला होता.

कांद्याचा बाजार याच सूत्राने चालतो, असे म्हणणे अर्थातच धाडसाचे होईल. अवकाळी पाऊस, रोग, परदेशातील मागणी हे सारे बाहेरचे धक्के खरेच असतात. परंतु या गणिताने एक भेद स्पष्ट केला आहे, आणि धोरणाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. पुनरावर्तनात दोन गोष्टी असतात: या घटकेची संख्या आणि नियमातला स्थिरांक. स्थैर्याच्या प्रदेशात एखाद्या फेरीची संख्या बाहेरून ढकलली तरी ती काही पावलांत मूळ जागी परतते, म्हणजे ढकलण्याचे श्रम वाया जातात. बेबंद प्रदेशात ढकलली, तर तिचे पुढे काय होईल ते कोणालाच सांगता येत नाही. स्थिरांक बदलला तर मात्र साऱ्या व्यवस्थेचा स्वभावच बदलतो. २०२३ मधील निर्यातशुल्क, किमान मूल्य आणि बंदी हे तिन्ही उपाय त्या घटकेच्या भावाला हात घालणारे होते. एका हंगामाचा भाव त्यांनी दाबला. पण गेल्या हंगामाचा भाव पाहून यंदाची लागवड ठरविण्याचा नियम त्यांनी तसूभरही बदलला नाही. उलट, सरकार केव्हा काय करील, ही आणखी एक अनिश्चितता शेतकऱ्याच्या हिशेबात शिरली.

स्थिरांक बदलणे म्हणजे भावाला लागवडीने दिलेला प्रतिसाद सौम्य करणे. पेरणीच्या वेळीच कोणत्या तालुक्यात किती क्षेत्र कांद्याखाली गेले, याचा भरवशाचा आकडा गावोगाव पोचला, तर शेतकऱ्याला गेल्या वर्षीच्या भावाकडे पाठ फिरवून येत्या आवकेकडे पाहता येईल. उन्हाळी कांद्यासाठी चाळी वाढल्या, तर एका महिन्याची आवक चार महिन्यांत विभागली जाईल. सोलापूरच्या बाजारात हिवाळ्यात येणारा लाल कांदा मात्र फार दिवस टिकत नाही. त्यामुळे येथे चाळीपेक्षा माहितीचा आणि निर्यातीच्या स्थिर नियमांचा उपयोग अधिक. निर्यातीवर बंधन घालावयाचेच असेल, तर ते कोणत्या परिस्थितीत आणि किती प्रमाणात, हे पेरणीपूर्वी जाहीर झाले पाहिजे.

यावर एक आक्षेप येईल. साधा नियमदेखील बेबंद वागू शकतो असे म्हटले, की जबाबदारी टाळण्यास निमित्तच मिळते. भाव कोसळले, काय करणार, गणितच तसे आहे! हा आक्षेप वरवर सयुक्तिक वाटला तरी त्यामागे गैरसमज आहे. नकाशात अनिश्चितता आहे ती सीमेवर आणि तिच्या आसपास. बदामाच्या गाभ्यात अंदाज बिनचूक ठरतात, तेथे सुरुवातीची चूकही आपोआप पुसली जाते. म्हणून आपण कोठे उभे आहोत, हे आधी तपासणे आणि काठावर असल्यास आत सरकणे, ही जबाबदारी या गणिताने उलट वाढविली आहे. दूरच्या भाकिताचा आव न आणता एक-दोन पावलांचा प्रामाणिक अंदाज देणे, हाही तिचाच भाग होय.

दुसरा प्रश्न शिक्षणाचा. संमिश्र संख्यांच्या प्रकरणावर विद्यार्थी बेरीज-गुणाकाराची उदाहरणे सोडवितात, गुण मिळवितात आणि ‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न मनात ठेवून पुढे जातात. त्याच प्रकरणापासून दोन ओळींच्या अंतरावर मँडेलब्रो संच उभा आहे, हे त्यांना क्वचितच कोणी सांगतो. साधनांची सबबही आता उरलेली नाही. १९८० मध्ये ज्यासाठी मोठ्या कंपनीचा संगणक लागला, ते चित्र आज विद्यार्थ्याच्या हातातील फोनवर क्षणात उमटते. परंतु चित्र पाहणे हे शिकणे नव्हे. आलेखाचा एक कागद, चाळीस विद्यार्थी, प्रत्येकाला एकेक स्थिरांक आणि दहा पावलांची आकडेमोड. मग सर्वांनी मिळून फळ्यावर नकाशा रंगवावा. एका तासात होणारे हे काम आहे. वाणिज्य शाखेत हाच तास कोळ्याच्या जाळ्यासाठी द्यावा आणि भाव व लागवड यांची फेरी विद्यार्थ्यांनी दहा हंगामांपर्यंत स्वतः चालवून पाहावी. याच मुलांतील कोणी उद्या बाजार समितीचा कारकून होईल, कोणी कृषिखात्याचा अधिकारी, कोणी कांदा उत्पादक. सूत्र ठाऊक असणे आणि त्याचा परिणाम ठाऊक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्याने स्वतः आकडेमोड करून अनुभवले आहे, तो एका हंगामाच्या भावावर पुढील वर्षाची लागवड, किंवा देशाचे निर्यात धोरण, पणाला लावताना थांबून विचार करील. देवळालीच्या मास्तरांनी एवढ्यासाठी पेन्सिल आणि कागद यांपलीकडे काही मागितले नव्हते. शाळांनीही तेवढ्यावर सुरुवात करावयास हरकत नसावी.